शेरा लिहिण्याआधी

(मिशनचे स्वयंसेवक, वसतिगृह अधीक्षक आणि वस्ती-शिक्षिका यांच्या कराड येथील बैठकीत एका निवृत्त केंद्रप्रमुख भगिनींनी केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)



पुढच्या महिन्यापासून आपण सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कातकरी, पारधी आणि भटक्या वस्त्यांवर जाणार आहोत. तिथल्या दिव्यांग मुलांना शाळेच्या, औषधपाण्याच्या, सरकारी मदतीच्या सोयी खरोखर मिळतात का, ते पाहणार आहोत. ही तपासणी कशी करायची ते चार शब्दांत सांगा, असा मला निरोप आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आधी शिक्षिका आणि मग बारा वर्षे केंद्रप्रमुख होते. तपासणी हे माझे रोजचेच काम होते. म्हणून सुरुवात माझ्याच एका तपासणीपासून करते. ती गोष्ट काही अभिमानाची नाही.

एका शाळेत गेले होते. रॅम्प होता, त्याला कठडा होता. स्वच्छतागृहात कमोड होता. हजेरीपटावर विशेष गरजा असणारी दोन मुले होती. दोघेही वर्गात हजर होते, एकाला चष्मा मिळालेला, दुसऱ्याला कॅलिपर. कागद व्यवस्थित होते. मी शेरेबुकात लिहिले, ‘दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या सुविधा समाधानकारक.’ सही केली, चहा घेतला, निघाले.

शाळेच्या मागच्या बाजूने गाडीवाट होती. तिथे पारध्यांची पाच-सहा पालं होती. वाटेच्या मधोमध एक आठेक वर्षांची मुलगी माझ्याकडे पाठ करून उभी होती, कडेवर धाकटा भाऊ. मी हॉर्न वाजवला. ती हलली नाही. पुन्हा वाजवला, तरी नाही. तेवढ्यात पालातून तिची आई धावत आली, तिला ओढून बाजूला घेतले आणि म्हणाली, “बाई, रागावू नका. तिला ऐकू येत न्हाई.” मी विचारले, “शाळेत घातलं नाही का?” ती म्हणाली, “साळंत कोण घेतंय? आन् मुकीला साळा कशाला?”

शाळेची भिंत तिथून तीनशे पावलांवर होती. त्या केंद्रात मी तीन वर्षे ये-जा करत होते.

पुढे धडपड करून त्या मुलीचे कागद झाले, तपासणी झाली, श्रवणयंत्र आले. तोवर तिने दहा वर्षे ओलांडली होती. आता तिला हॉर्न ऐकू येतो, कुत्रे भुंकलेले कळते. पण आवाज कळतो, शब्द कळत नाही. भाषा रुजायची ती पहिल्या काही वर्षांत रुजते, आणि ती वर्षे निघून गेली होती. तिला खुणांची भाषा तरी लहानपणीच मिळायला हवी होती, तीही नाही. माझा शेरा खोटा नव्हता. शाळेत जे होते ते समाधानकारकच होते. जी शाळेत नव्हती, तिच्याबद्दल मला कुणी विचारले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

मला आज एवढेच सांगायचे आहे. आपण यादीवरून मुलाकडे जातो. यादी जिथे संपते तिथे आपली तपासणी संपते. आपल्याला मुलावरून यादीकडे जायचे आहे.

असे का म्हणते, ते नीट समजून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. पूर्वी कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, आता 21 प्रकार आहेत. चांगला कायदा आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. त्याच्या कलम 17 मध्ये दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करून दिव्यांग मुले शोधा, असेही म्हटले आहे. पण कुणाचे सर्वेक्षण? शाळेत जाणाऱ्या मुलांचे! जे मूल शाळेतच जात नाही, ते त्या मोजणीत येणार कसे?

आरोग्याचेही तसेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुले तपासते, पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवते. फार मोलाचे काम आहे. पण पथक अंगणवाडीत येते, पालावर येत नाही. ज्या दिवशी पथक आले त्या दिवशी मूल ऊसतोडीच्या फडात असेल, तर ते राहून गेले. शाळेतल्या भत्त्यांचेही तेच. समग्र शिक्षा योजनेत प्रवासभत्ता आहे, मदतनीस भत्ता आहे, मुलींना दरमहा 200 रुपये दहा महिने मिळतात. पण सगळ्याची सुरुवात पटावरच्या नावापासून.

आपल्या दोन जिल्ह्यांत तर हे जास्तच होते. नंदुरबार, गडचिरोलीला आदिवासी म्हटले की सरकारी यंत्रणा सगळी त्या कामाला लागते. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा एकच्या आतबाहेर. धरणाच्या काठी मासेमारी करणारी चार कातकरी घरे, गावाबाहेर पारध्यांची पाच पालं. थोडी माणसे, विखुरलेली, त्यात वर्षातले सहा महिने गावात नसणारी. त्यांतले एखादे मूल दिव्यांग असेल तर ते थोड्यातले थोडे. ते कुणाच्या बैठकीत येत नाही, कुणाच्या तक्त्यात बसत नाही.

पण कायद्यात एक दार उघडे आहे, ते लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 9 मध्ये म्हटले आहे की आपल्या हद्दीत राहणाऱ्या 14 वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांची नोंद स्थानिक प्राधिकरणाने ठेवायची. शाळेत जाणाऱ्या नव्हे, राहणाऱ्या. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना दाखल करून घेण्याची जबाबदारीही त्याच कलमात आहे. आपल्या तपासणीचा पाया हा.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते सांगते.

पहिली गोष्ट, शाळेत आधी जाऊ नका. आधी वस्तीवर जा. आणि पहिल्या दिवशी वहीपेन नेऊ नका. पारध्यांच्या वस्तीवर पिढ्यान्‌पिढ्या वही घेऊन आलेला माणूस म्हणजे पोलीस. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली रद्द झाला, पण मनातली भीती सरकारी आदेशाने रद्द होत नाही. बसा, पाणी मागून प्या, म्हाताऱ्या माणसांशी बोला. “अपंग मूल आहे का?” असे विचारू नका, कुणी सांगणार नाही. “कुठलं लेकरू घरीच राहतं? कुणाला सांभाळावं लागतं? कुणाला फिट येते?” असे विचारा. मग कळेल.

दुसरी गोष्ट, एक मूल धरा आणि त्याच्याबरोबर सगळ्या दारांवर जा. एका मुलाचा प्रवास पन्नास शाळांच्या तक्त्यापेक्षा जास्त सांगतो. हे काही माझे एकटीचे शहाणपण नाही. इंग्लंडमध्ये 2016 पासून शाळांची तपासणी करणारी आणि आरोग्यसेवांची तपासणी करणारी अशा दोन यंत्रणा मिळून एकेका भागातल्या सगळ्या सेवा एकत्र तपासतात. तिथेही काही मुले निवडून, त्यांना प्रत्यक्षात काय मिळाले ते पाहतात. श्रीमंत देशालासुद्धा ते करावे लागले, कारण शाळा म्हणते दवाखान्याने करावे आणि दवाखाना म्हणतो शाळेने. आपल्याकडे तर दारे आणखी जास्त. अंगणवाडी महिला व बालविकासाकडे, शाळा शिक्षण विभागाकडे, प्रमाणपत्र आरोग्याकडे, संजय गांधी निराधार योजना तहसीलदारांकडे, विशेष शाळा दिव्यांग कल्याणकडे आणि जमातीच्या योजना आदिवासी विकासकडे. प्रत्येक दारावरचा माणूस आपापले काम करत असेल, तरी दोन दारांच्या मधल्या अंगणात लेकरू उभेच राहते.

प्रमाणपत्राचेच बघा. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, ज्याला आपण यूडीआयडी कार्ड म्हणतो, त्यावर पुढचे सगळे अवलंबून. अर्ज ऑनलाइन. त्याला आधार लागते, पत्ता लागतो. पाल हा पत्ता होत नाही. जन्म घरी झाला, नोंद नाही. समजा तेही जमले, तर जतच्या पूर्व भागातून सांगलीला जायचे म्हणजे 80 किलोमीटरच्या पुढे. सेरेब्रल पाल्सी झालेले सात वर्षांचे मूल खांद्यावर, बरोबर धाकटे, दिवसाची मजुरी बुडाली. एसटीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, पण ती मिळायला कार्ड हवे, आणि कार्ड काढायला जाताना कार्ड नसते! तेव्हा तुम्ही त्या आईबरोबर एकदा एसटीने जा. किती वाजता निघाली, किती रुपये गेले, किती ठिकाणी रांग लावली, कितव्या खेपेला काम झाले, ते लिहा. कुणावर टीका करायची गरज नाही. ते आकडेच बोलतील.

तिसरी गोष्ट शाळेची. आता शाळेत जा. रॅम्प आहे का, एवढे पाहून भागत नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी असा त्याचा उतार हवा. कमी असेल तर चाकाची खुर्ची उलटी घसरते. रॅम्पच्या तोंडाशी मोटारसायकल लावलेली असते, तेही पाहा. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे ते विचारा. पाणी नळाला आहे की पाटीवर, ते बघा. आणि मुलाला विचारा, “दुपारी जेवायला कुठे बसतोस? सहलीला गेलास का? खेळाच्या तासाला काय करतोस?” मूल पटावर आहे आणि दिवसभर शेवटच्या बाकावर रंग भरत बसले आहे, तर ते शाळेत आहे असे मी मानत नाही.

इथे एक सावधगिरी सांगते. पारधी मूल घरी पारधी बोलते. ती बोली गुजरातीच्या जवळची. पहिलीत आलेल्या या मुलाला बाईंचे मराठी कळत नाही, ते गप्प बसते, आणि काही दिवसांनी कुणीतरी म्हणते, “मंद आहे.” बौद्धिक अक्षमता वेगळी आणि अनोळखी भाषा वेगळी. मी स्वतः अशी गल्लत केली आहे. म्हणून मूल आपल्या भावंडांत, आपल्या बोलीत कसे बोलते-खेळते ते आधी वस्तीवर पाहा. दिव्यांग नसलेल्याला दिव्यांग ठरवणे हाही त्याच्यावर अन्यायच.

चौथी गोष्ट, घरी शिक्षणाची. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा पर्याय 2012 च्या दुरुस्तीने दिला आहे. पण तो पर्याय मुलाचा आणि पालकांचा आहे. शाळेने “तुम्ही घरीच ठेवा, आम्ही बघतो” म्हणण्यासाठी तो नाही. घरी शिक्षण असेल तर शिक्षक मागच्या महिन्यात किती वेळा आले आणि काय शिकवले, ते आईला विचारा.

मात्र गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशी बोलताना आपुलकीने बोला. केंद्र सरकारच्या 2022 च्या अधिसूचनेप्रमाणे प्राथमिक वर्गात दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. प्रत्यक्षात एकेकाकडे कितीतरी शाळा असतात. पाटणच्या किंवा शिराळ्याच्या डोंगरात एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जायलाच दुपार होते. हे लोक आपलेच आहेत. त्यांच्या अडचणीही तुमच्या टिपणात यायला हव्यात.

पाचवी गोष्ट, हंगामाची. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा पट्टा पडला की माणसे निघतात. इथे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असते, बाहेर जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड मिळते. फिट येणाऱ्या किंवा चालता न येणाऱ्या मुलाला त्या वसतिगृहात ठेवून घेतात का? की त्याला फडावर नेतात आणि कोपीत बांधून ठेवून आईबाप ऊस तोडतात? आपली एक फेरी थंडीत फडावर झालीच पाहिजे. पावसाळ्यात केलेली तपासणी अर्धीच तपासणी.

आता थोडे कडू बोलते. आपण दुसऱ्यांच्या शाळा बघायला निघालो आहोत. काल संध्याकाळी मी आपल्याच वसतिगृहाचा प्रवेश अर्ज मागून वाचला. त्यात सातव्या ओळीत लिहिले आहे, ‘विद्यार्थी शारीरिक व मानसिकदृष्ट्या सुदृढ असावा.’ अधीक्षकांना विचारले, ही ओळ कधीपासून आहे? ते म्हणाले, पहिल्यापासूनच, कुणी कधी विचारले नाही. गेल्या जूनमध्ये एका कातकरी बापाने फिट येणाऱ्या मुलाला आणले होते, त्याला याच ओळीवर बोट ठेवून परत पाठवले, हेही त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितले. मी त्यांना दोष देत नाही. रात्री फिट आली तर काय करायचे, हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. ते शिकायला एक दुपार पुरते. कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही द्यायचे, तोंडात काही घालायचे नाही, घड्याळ बघायचे, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखान्यात न्यायचे. एवढ्यासाठी एका मुलाची शाळा गेली.

याच सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीत आणली. साताऱ्यात ते वसतिगृह 1924 साली उभे राहिले. त्या काळी प्रश्न होता, पंगतीला कोण बसणार. आज आपल्यापुढे प्रश्न आहे, पायरी कोण चढणार. तेव्हा माझी विनंती अशी की वस्त्यांवर जाण्याआधी ही सातवी ओळ आज, इथेच, खोडावी आणि त्या बापाचा पत्ता शोधून काढावा. ते झाल्याशिवाय दुसऱ्याच्या शेरेबुकात लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शेवटी, तपासणी झाल्यावर काय? फोटो काढून छापू नका. ती लेकरे दाखवायची वस्तू नाहीत. खोटे आश्वासन देऊ नका. ‘समाधानकारक’ आणि ‘असमाधानकारक’ हे दोन्ही शब्द वापरू नका. प्रत्येक मुलापुढे चार गोष्टी लिहा. कोणते दार बंद आहे, ते कुणी उघडायचे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि आपल्यातले कोण त्या तारखेला पुन्हा जाऊन पाहणार. मग तो कागद घेऊन आधी शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. वस्तीवरची एखादी आई त्या समितीत यावी, असा आग्रह धरा. तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. प्रत्येक सरकारी कार्यालयात दिव्यांगांच्या तक्रारींसाठी अधिकारी नेमलेला असावा, असे 2016 च्या कायद्याचे कलम 23 सांगते, त्यांचे नाव विचारा. योजनांचे सामाजिक अंकेक्षण व्हावे, असे त्याच कायद्याचे कलम 48 सांगते. आपले टिपण त्यात उपयोगी पडेल. आणि काहीच हलले नाही, तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे.

आटपाडी, माण भागात मेंढपाळ संध्याकाळी मेंढरे वाड्यात घालताना पाहिलेत ना? तो दारात उभा राहतो आणि एकेक मेंढरू आत जाताना मोजतो. आत किती आहेत हे त्याला कळतेच, पण बाहेर कोणते राहिले हेही कळते, आणि ते लंगडे आहे की व्यालेले, हेही त्याला ठाऊक असते. मग कंदील घेऊन तो परत निघतो. शंभरातल्या नव्व्याण्णवांना ठेवून एकासाठी निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट आपण प्रार्थनेच्या वेळी पुष्कळदा ऐकतो. ती आपल्या रानातलीच गोष्ट आहे.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. कधी बाजारात भेटते, हसते, हाताने ‘चहा घ्या’ अशी खूण करते. तिने मला कधीच दोष दिला नाही. तिला तो शेरा माहीतच नाही. मला मात्र तो पाठ आहे. तुम्हाला असा शेरा पाठ करायची वेळ येऊ नये, म्हणून एवढे बोलले.

(भाषणानंतर अधीक्षकांनी प्रवेश अर्जातील सातवी ओळ सर्वांसमोर खोडली. फिट आल्यास करावयाच्या मदतीचे शिक्षण सर्व वसतिगृहांत पहिल्या सत्राआधी देण्याचे ठरले. – संपादक)